एक रामायण आणि घरात मतं चार

मे महिन्याची दुपार म्हणजे काय, हे कोकणातल्या मैत्रिणींना सांगायला नको. अंगणात आंब्याची साठं वाळत घातलेली, सासूबाई ओटीवर बसून कावळे हाकताहेत आणि मुलं ‘आई, आता काय करू?’ म्हणत पदराला लोंबताहेत. अशाच एका दुपारी मी टीव्हीवर त्यांना एक जुना सिनेमा लावून दिला. माझ्या लहानपणी केबलवर पाहिलेला, ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’. म्हटलं, सव्वादोन तास तरी शांतता! पण शांतता कसली? सिनेमा संपला आणि घरात वादाला तोंड फुटलं.

सगळ्यांत आधी सासूबाई. जुनी हिंदी आवृत्ती होती, त्यात रामाचा आवाज अरुण गोविल यांचा. तो ऐकून त्या आत येऊन बसल्या. पण थोड्याच वेळात म्हणाल्या, “आवाज आपल्या रामाचा आहे गं, पण डोळे केवढे ते! आपल्या रामआळीतल्या देवळातली मूर्ती बघ नि हा बघ!”

आमचे ह्यांचं म्हणणं वेगळंच. “चित्रं झकास आहेत. पण सुरुवातच राम पंधरा वर्षांचा झाल्यावर. रामजन्म नाही, पाळणा नाही, मग रामायण कसलं?” शेजारच्या वहिनी आपल्या चार वर्षांच्या धाकट्याला घेऊन आल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊनच आल्या, “तुमच्या त्या कुंभकर्णापायी आमची रात्र जागून गेली!” आमच्या चिरंजीवांना मात्र नेमका कुंभकर्णच आवडलेला. आणि लेक? ती गप्प होती. तिचं मग सांगते.

मला गंमत वाटली ती अशी, की या सिनेमाबद्दलचे मतभेद तो जन्मायच्या आधीपासूनचे आहेत. युगो साको नावाचे एक जपानी दिग्दर्शक १९८३ साली आपल्याकडे रामायणकालीन स्थळांच्या उत्खननावर माहितीपट करायला आले आणि या कथेच्या प्रेमातच पडले. यावर कार्टूनपट काढायचा, असं त्यांनी ठरवलं. त्याच सुमारास एका बातमीवरून गैरसमज होऊन विश्व हिंदू परिषदेनं जपानी वकिलातीला पत्र पाठवून आक्षेप घेतला, की परक्यांनी आमच्या रामायणावर मनमानी सिनेमा करू नये. पण साको चिकाटीचे. आपल्याकडचे राम मोहन आणि जपानचे कोइची सासाकी यांना बरोबर घेऊन त्यांनी जपानमध्ये सिनेमा पुरा केला. सगळी चित्रं हातांनी काढलेली! १९९३च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला.

राम मोहन हे नाव आठवत नसेल, पण त्यांची एक मुलगी तुम्हाला नक्की माहीत आहे. शाळांतून ‘मीना-राजू मंच’ असतो ना, त्यातली मीना साकारणारे तेच. आणि मराठी माणसाचाही या सिनेमाला हात लागलेला आहे. मूळ इंग्रजी आवृत्तीतली संस्कृत गाणी आपल्या वसंत देवांची, संगीत वनराज भाटियांचं.

एवढं असूनही आपल्याकडच्या थिएटरांत तेव्हा तो फारसा दिसलाच नाही. आपल्यापैकी बहुतेकींनी तो टीव्हीवरच पाहिला. २०२५च्या २४ जानेवारीला तो नव्यानं थिएटरांत लागला, तेव्हा साको (निधन २०१२) नव्हते आणि राम मोहनही (निधन २०१९) नव्हते.

आता सासूबाईंच्या डोळ्यांच्या तक्रारीबद्दल. मी त्यांना पिंगुळीची चित्रकथी दाखवली, मोबाइलवर. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या रामायणातल्या प्रसंगांची चित्रं एकामागून एक समोर धरतात आणि गाऊन कथा सांगतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या चित्रांतले डोळे पाहिलेत? केवढे टपोरे! आणि आपल्या रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांत तो रावण येतो, दहा तोंडांचा. तो काय कुणी प्रत्यक्ष पाहून काढला होता? सासूबाई चित्रं बघत राहिल्या. म्हणाल्या, “म्हणजे हलतं रामायण आपल्याकडे आधीपासूनच होतं म्हण की!”

डोळ्यांचा वाद असा मिटला. खरा वाद होता तो लेकीच्या गप्प राहण्यात.

अकरा वर्षांची आहे ती. दोन दिवसांनी मी तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा जवळ येऊन म्हणाली, “आई, सिनेमात रावण मेला, सीता भेटली आणि सगळे अयोध्येला गेले. आजीच्या ‘रामविजया’त तर सीतेला आगीत जावं लागतं. मग खरं काय? आणि तिचं चुकलं काय होतं?”

मैत्रिणींनो, माझा हात सुपातच थांबला. शाळेत तीस मुलांसमोर मी धडाधड उत्तरं देते, पण इथे सुचेना. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “गाळलं ते बरंच केलं. लहान मुलांना कशाला ते?” मलाही क्षणभर तसंच वाटलं. विषय बदलावा, झालं.

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. “मी हिच्याएवढी असताना कीर्तनात ऐकलं होतं. घरी येऊन आईला हेच विचारलं. ती म्हणाली, मोठी झालीस की कळेल. आज मला शहात्तरावं चालू आहे. अजून कळलं नाही. तू हिला तसं सांगू नकोस.”

रोज पोथी वाचल्याशिवाय पाणी न घेणारी ही बाई! मग मी लेकीला जवळ घेऊन सांगितलं, की सीतेचं काहीही चुकलं नव्हतं. चार लोक काय म्हणतील, या धाकापायी तिला ते सोसावं लागलं. हा प्रश्न तुला एकटीलाच पडलेला नाही. भवभूतीनं सीतेच्या दुःखावर संस्कृतात अख्खं नाटक लिहिलं. रामाला मानणाऱ्यांनीच हे पुनःपुन्हा विचारलेलं आहे. विचारल्यानं देव रागावत नाही.

तिनं ऐकून घेतलं. “मग त्यांनी सिनेमात का नाही दाखवलं?” “कदाचित त्यांनाही ते दाखवावंसं वाटलं नसेल,” मी म्हटलं. तिला ते पटलं की नाही, ठाऊक नाही.

म्हणून माझं मत, पाचवं म्हणा हवं तर, असं आहे. सिनेमा चांगला आहे, मुलांना जरूर दाखवा. पण मुलांना त्याच्यापुढे बसवून आपण स्वयंपाकघरात पसार होऊ नका. मी तेच करायला निघाले होते! पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर कुंभकर्णाच्या वेळी त्याला मांडीवर घ्या, नाहीतर तेवढा भाग पुढे ढकला. रामजन्म नाही म्हणून हळहळू नका, तो रामनवमीला देवळात पाळणा हलवून दाखवा. आणि सिनेमानं जे गाळलंय, ते मुलांनी विचारलं तर ‘मोठी झालीस की कळेल’ म्हणू नका. दोन-अडीच तासांच्या सिनेमात सगळं मावत नाही. उरलेलं सांगायला आपण आहोतच.

आणि हो, परवा दुपारी सासूबाईच म्हणाल्या, “तो मोठ्या डोळ्यांचा राम लाव गं. मी एवढी साठं आत घेऊन येते.”