एका बोंडातली सोळा घरं

एरंडोलच्या काळ्या रानात कपाशीचं अजून न फुटलेलं हिरवं बोंड तोडा आणि नखानं उभं चिरा. आत चार-पाच कप्पे, ओल्या पांढऱ्या धाग्यांत दाटीनं बसलेल्या कोवळ्या सरक्या, सगळ्या मिळून तीसेक. एखादीला भोक पाडून गुलाबी बोंडअळीही बसलेली सापडेल. पण आधी सरकीकडे बघा. पान, फूल, बोंडाची साल हे सगळं आईचं अंग. सरकीच्या आतला गर मात्र तिचं लेकरू, पुढची पिढी. आणि लेकरू आईसारखंच निघेल असं नाही!

आपल्याकडची बीटी कपाशी संकरित. बहुतेक वाणांत अळीला मारणारं प्रथिन तयार करणारा जनुक आई-बाप वाणांपैकी एकाकडूनच येतो. म्हणजे शेतातल्या झाडाच्या जनुकांच्या जोडीत एक ‘आहे’ आणि एक ‘नाही’. एक ‘आहे’ पुरतो, म्हणून झाडाच्या पानापानांत विष असतं. हे झाड बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळतं तेव्हा काय होतं? केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेंडेलचा हिशेब मांडायला जी चौकट आखली, ती इथे आखू. वर परागाचे ‘आहे, नाही’, डावीकडे बीजांडाचे ‘आहे, नाही’. चार घरं भरतात: आहे-आहे, आहे-नाही, नाही-आहे, नाही-नाही. चौथ्या घरातली सरकी बिनविषारी. विषारी झाडावर, विषारी सालीच्या आत, दर चारांत एक!

बीटी कपाशी भारतात 2002 साली आली, ती एका जनुकाची. 2006 साली बीजी-टू आली, तिच्यात दोन: क्राय 1एसी आणि क्राय 2एबी. दोघं वेगवेगळे वाटले जातात, म्हणून चौकट सोळा घरांची होते. नऊ घरांत दोन्ही विषं, तीन घरांत फक्त पहिलं, तीन घरांत फक्त दुसरं, एका घरात काहीच नाही. बत्तीस सरक्यांचं बोंड धरलं तर सरासरीनं अठरा, सहा, सहा आणि दोन.

आता अळीच्या बाजूनं मोजा. पहिलं विष गुलाबी बोंडअळीनं गुजरातेत 2010च्या आधीच पचवायला सुरुवात केली होती. अशा अळीला ‘फक्त पहिलं’वाल्या सहा सरक्याही मोकळ्याच. सहा आणि दोन आठ. दोन जनुक घालूनही पुन्हा चारांत एक! मला हा हिशेब पहिल्यांदा सुटला तेव्हा मी कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिलो.

शिवाय ही अळी पानं खात नाही. तिला बोंडातली सरकीच हवी असते. एकाच बोंडात कुठे कडक विष, कुठे निम्मं, कुठे शून्य, अशी सरमिसळ तिला मिळते आणि थोडीफार सोसणारी अळी त्यात तगून जाते. 2017च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडं किडली, त्यामागचं एक कारण शास्त्रज्ञ इथे शोधतात. फरदड ठेवणं, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक पुढे राखणं, कपाशी रानात महिनोन्‌महिने उभी राहणं, अळीला विषाची सवय लागू नये म्हणून लावायच्या बिगरबीटीच्या ओळी न लावणं ही कारणंही आहेतच, आणि ती छोटी नाहीत.

ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत संकरित कपाशी नाही, सरळ वाण पेरतात. त्यांच्या झाडाच्या जोडीत दोन्हीकडे ‘आहे’. तिथल्या बोंडाची चौकट आखली तर सोळाच्या सोळा घरांत दोन्ही विषं.