शाळेची भेंडी कोणी नेली?

शाळा उघडल्या की परसबागेचे कागदही फिरू लागतात. नांदेड-लातूरच्या जिल्हा परिषद शाळांत वाफे पडतील, खिचडीत पालक आणि शेवगा जाईल, स्पर्धेसाठी फोटो निघतील. फोटोत न येणारी गोष्ट सुट्टीत घडते. दिवाळी करून मुलं परततात आणि भेंडीचा वाफा मोकळा! मग संशयाची फेरी सुरू होते. गल्लीतली पोरं, मोकाट शेळ्या, अगदी गुरुजीसुद्धा. पण पहिलं नाव बहुधा स्वयंपाकीण बाईंचं निघतं. कारण काय, तर त्या गरीब आणि पातेल्याजवळ उभ्या असतात. पुरावा शोधायचे कष्ट कोण घेतो?

यावर सुचणारे उपाय ठरलेले: तारेचं कुंपण, कुलूप, आता सीसीटीव्ही. शेळ्यांसाठी कुंपण हवंच, पण माणसाला ते अडवत नाही.

या दुखण्यावर सगळ्यात शहाणपणाचं बोलल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला, साल २००९. सामाईक मालमत्ता लोक ओरबाडूनच टाकतात, हा समज त्यांनी जगभरची उदाहरणं तपासून खोडला. त्यांचं एक लाडकं उदाहरण स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या भाजीमळ्यांचं. तिथे दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दारात पाण्याचे तंटे सुटतात. वकील नाही, सुनावणी तोंडी, न्याय करणारे शेतकरीच. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये ऑस्ट्रॉमबाईंना काही गोष्टी समान दिसल्या: नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, राखणदार त्यांनाच उत्तर देणारा, तंटा मिटवायची जागा जवळची. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी, पुन्हा केली तर वाढती. आपल्याकडे नेमकं उलटं. आधी वर्षभर काणाडोळा, मग एके दिवशी थेट पोलिसांत देण्याची भाषा.

स्पेन लांब वाटत असेल तर धुळे-नाशिककडची फड पद्धत पाहा. पांझरा, मोसम नद्यांच्या बंधाऱ्यांखाली शेकडो वर्षं पाणी वाटलं गेलं. पाटकरी पाणी देणार, जागल्या पिकं राखणार आणि दोघांची मजुरी शेतकऱ्यांच्याच खळ्यातून. आपल्या परसबागेला हा जागल्याच नाही. ती बाग एकट्या हौशी शिक्षकाची असते. त्याची बदली झाली की वाफ्यात गवत.

दुसरी अडचण चोरीची नाहीच, ती न सांगण्याची आहे. मराठवाड्यात वाटसरूने बांधावर बसून हरभऱ्याचे चार ढाळे खाल्ले तर त्याला कोणी चोर म्हणत नाही. पिशवी भरून नेली तर म्हणतात. वेळ अमावस्येला तर वाटेने जाणाऱ्याला हाक मारून भज्जी-आंबील वाढतात. ही रेघ प्रत्येकाला ठाऊक असते. शाळेच्या बागेत ती कोणी आखलीच नाही. सुट्टीत तयार झालेली भेंडी कोणाची? मेमध्ये पाणी घालणाऱ्याला त्यातली जुडीभर भाजी न्यायचा हक्क आहे की नाही? उत्तर कुठेच लिहिलेलं नसल्याने घेणारा हक्काने घेतो आणि बघणारा चोरी समजतो.

हे ठरवायला नवं मंडळ नको. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळा व्यवस्थापन समिती दिलीच आहे; तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. पुष्कळ ठिकाणी ती सह्यांपुरती उरली आहे, हे खरं. तरी या महिन्याच्या बैठकीत एवढं तरी ठरवा: सुट्टीत पाणी कोण घालणार, त्या बदल्यात काय नेणार, न विचारता नेल्यास पहिल्यांदा काय आणि दुसऱ्यांदा काय. ठरलेलं फळ्यावर लिहा. आणि बैठकीला स्वयंपाकीण बाईंना आवर्जून बोलवा.