हिंगोली पुढे की परभणी? दोन जिल्ह्यांच्या उत्पन्नाची तुलना कशी करायची

आज आपण एक साधा वाटणारा प्रश्न घेणार आहोत. 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्याचं विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. मग तेव्हापासून या दोघांत जास्त वेगानं कोण वाढलं?

राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्यांच्या उत्पन्नाचे अंदाज काढतं. आकडे मिळतात. पण ते नुसते शेजारी ठेवले की फसगत होते. ती कुठं कुठं होते, ते बघू.

पहिली गोष्ट सीमेची. 1999 पूर्वीच्या ‘परभणी’त हिंगोलीही आहे. जुनी परभणी आणि आजची परभणी एकाच आलेखात जोडली, तर मधेच मोठी घसरण दिसेल. घसरलं काहीच नाही, जिल्हा लहान झाला. म्हणून तुलनेची सुरुवात विभाजनानंतरच करावी.

दुसरी गोष्ट माणसांची. 2011 च्या जनगणनेत हिंगोलीची लोकसंख्या 11,77,345 आणि परभणीची 18,36,086. म्हणजे हिंगोली परभणीच्या साधारण 64 टक्के. त्यामुळे त्या वर्षी हिंगोलीचं एकूण उत्पन्न परभणीच्या 64 टक्के असतं, तरी दरडोई दोघं बरोबरीत असते. काळाचंही तसंच आहे. 2001 मध्ये हिंगोलीत 9,87,160 माणसं होती. दहा वर्षांत सुमारे 19 टक्के वाढ. उत्पन्नही 19 टक्केच वाढलं असेल, तर दरडोई आपण जागच्या जागीच.

तिसरी गोष्ट भावाची, आणि वसमतच्या हळदवाल्यांना ती वेगळी सांगायला नको. समजा, एका शेतकऱ्याला 20 क्विंटल हळद झाली, भाव 8,000 रुपये. झाले 1,60,000. पुढच्या वर्षी 15 क्विंटलच झाली, पण भाव 12,000. झाले 1,80,000. चालू किमतींनी साडेबारा टक्के वाढ. पण पहिल्या वर्षाचाच भाव धरला तर 1,20,000, म्हणजे 25 टक्के घट. याला स्थिर किमती म्हणतात. उत्पादन खरोखर वाढलं का, ते इथं कळतं.

स्थिर किमतींना पायाभूत वर्ष लागतं आणि ते बदलत राहतं: 1999-2000, मग 2004-05, मग 2011-12. पद्धतही सोबत बदलते. दोन मालिकांतले आकडे थेट एका रांगेत मांडू नयेत. दोन्हींत असलेलं एक सामाईक वर्ष घ्यायचं, त्या वर्षीच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढायचं आणि त्यानं जुनी मालिका गुणायची. जोड कामचलाऊ असते, पण दिशा कळते.

चौथी गोष्ट पावसाची. 2015-16 हे मराठवाड्यात दुष्काळाचं वर्ष. तिथून मोजायला सुरुवात केली, तर पुढची वाढ फुगलेली दिसणारच. म्हणून दोन्ही टोकांना तीन-तीन वर्षांची सरासरी घ्यावी.

एवढं करूनही एक मर्यादा राहते. हा आकडा जिल्ह्यात काय पिकलं, काय घडलं, ते मोजतो. ऊसतोडीला किंवा पुण्याला गेलेल्या माणसाची तिथली कमाई त्यात येत नाही, मग घर त्या पैशावर चालत का असेना.

हे सगळं कशासाठी? जिल्ह्याला मागास म्हणायचं की नाही, यावर निधी ठरतो. 2006-07 पासूनच्या केंद्राच्या मागास क्षेत्र अनुदान निधीत महाराष्ट्रातले 12 जिल्हे होते. त्यात हिंगोली होती, परभणी नव्हती. एका जिल्ह्याचेच दोन भाग, पण यादीत एकच. म्हणून यापुढे कुणी ‘अमका जिल्हा दुप्पट झाला’ म्हणालं, की आपण एवढंच विचारायचं: कोणत्या किमतींनी, किती माणसांमागे आणि कोणत्या वर्षापासून?