शिकविण्याचेही शिक्षण



वरच्या वर्गातील मुलाने धाकट्याला पाढे शिकवावेत, ही रीत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी ती पद्धतशीर बसविली आणि १७९७ साली तिचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. वैद्यकीय महाविद्यालयात मात्र या रीतीला एक अट घालावी लागते. तीच आज विशद करावयाची आहे.

विद्यार्थिदशेतील माझी एक चूक सांगतो. मागच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला मी रक्तदाब मोजावयास शिकविले. भरभर सांगितले, त्याने मान डोलावली. पुढे रुग्णापाशी त्याने नाडी न चाचपताच स्टेथोस्कोप लावला. काही रुग्णांत ठोक्यांचा आवाज मध्येच लोपतो व खाली पुन्हा उमटतो. अशा वेळी नाडीचा आधार न घेतल्यास वरचा दाब कमी नोंदला जाण्याचा धोका असतो. तसेच घडले. आमच्या सरांनी दाब पुन्हा मोजला, म्हणून निभावले. दोष त्याचा नव्हता. मी केवळ सांगितले होते. त्याच्याकडून करवून घेतले नव्हते.

विद्यार्थी-शिक्षकाला म्हणूनच आधी शिकविण्याचे शिक्षण हवे. पेटन यांची चार पायऱ्यांची रीत येथे उपयोगी पडते : प्रथम न बोलता कृती करून दाखवावी, मग समजावीत करावी, नंतर शिकणाऱ्याने सांगावे व आपण करावे, अखेरीस त्याने स्वतः सांगत करावे. तिसऱ्या पायरीवर गैरसमज उघडा पडतो, आणि तोही रुग्णाला स्पर्श होण्यापूर्वी. याखेरीज ‘मला ठाऊक नाही, सरांना विचारू’ असे म्हणण्याचे धैर्यही शिकवावे लागते.

मी अवधपुरीत राहतो. आमच्या भोपाळ शहरात १९५५ पासून गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१२ पासून एम्समध्येही वर्ग भरतात. येथेच ऑक्टोबर २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.ची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. हिंदी माध्यमातून आलेला मुलगा परिभाषेशी अडखळतो, तेव्हा तीच वाट नुकतीच तुडविलेला वरच्या वर्षाचा विद्यार्थी त्याची अडचण चटकन ओळखतो. ही जवळीक प्राध्यापकांपाशी क्वचितच उरते. पण जवळीक म्हणजे अध्यापन नव्हे. तिला शिस्तीची जोड हवी.

‘डॉक्टर’ या शब्दाचे लॅटिन मूळ ‘शिकविणे’ असे आहे. जो आज सोबत्याला नीट शिकवील, तोच उद्या रुग्णाला त्याचा आजार नीट समजावील. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांनी आपल्याकडून करवून घेतले, म्हणूनच ते आपल्याला आले.