घराची किंमत ठरवणारा कुणाला बांधील?

माजलगाव, केज किंवा परळीत कुणी घरासाठी बँकेत अर्ज केला की पगाराच्या दाखल्याइतकेच वजन आणखी एका कागदाला येते. तो कागद म्हणजे व्हॅल्युएशन रिपोर्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ही मर्यादा ८० टक्के आहे, त्यावर ७५ टक्के. घर २५ लाखांचे ठरले तर साडेबावीस लाख मिळू शकतात. तेच २० लाखांचे ठरले तर १८ लाखांवर थांबावे लागते आणि साडेचार लाखांची सोय पाहुण्यारावळ्यांकडे करावी लागते. उलट, किंमत फुगवून लिहिली तर हप्ते थकल्यावर घराचा लिलाव होऊनही कर्ज फिटत नाही. इतके ज्याच्या सहीवर अवलंबून असते, तो मूल्यांकनकार कुणाला उत्तर देतो, हे आपण सहसा विचारत नाही.

बीडच्या घराचे गणित

घर मोजण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. शेजारच्या ताज्या व्यवहारांशी तुलना, जागेची किंमत अधिक बांधकामाचा खर्च वजा घसारा, आणि भाडे येत असेल तर भाड्यावरून काढलेली किंमत. पुस्तकात हे सरळ दिसते. बीड जिल्ह्यात मात्र प्रत्येक पद्धतीला गावची माती आणि गावचे दप्तर आडवे येते.

गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यात काळी माती खोल आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर भिंतीला तडे जातात. बालाघाटाच्या माथ्यावर, धारूर-पाटोद्याकडे, मुरूम आणि खडक लवकर लागतो. दोन घरांचे वय सारखे असले तरी घसारा सारखा धरून चालत नाही. जुन्या दगडी, माळवदाच्या घराचे आयुष्य सिमेंटच्या घराच्या फूटपट्टीने मोजता येत नाही.

कागदांचा प्रश्न त्याहून अवघड. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मदतमाश आणि खिदमतमाश इनामांच्या नोंदी, खासरा पत्रके, कूळकायद्याच्या अटी यांचा माग काही जमिनींना आजही आहे. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जागेवरचे घर कितीही देखणे असले तरी त्याची किंमत मोकळ्या मालकीच्या घराएवढी होत नाही. खेड्यातल्या गावठाणात नमुना आठवर नाव असते, शहरात पीटीआरवर. पण या कराच्या नोंदी आहेत, मालकीचा निर्विवाद पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले, ते याच कारणासाठी.

त्यात आता रेल्वे आली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली. स्टेशनाजवळच्या प्लॉटचा बोलला जाणारा भाव आणि खरेदीखतात नोंदलेला भाव यांतले अंतर ओळखणे, हेच मूल्यांकनकाराचे कौशल्य. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. तो उतरवून काढला म्हणजे मूल्यांकन झाले असे नव्हे.

संघटना कशासाठी

हे कौशल्य आणि ही निःस्पृहता एकट्या माणसाच्या भरवशावर सोडता येत नाही, हे जगाने फार पूर्वी ओळखले. लंडनमध्ये १८६८ साली सर्वेक्षकांची संस्था उभी राहिली. अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३२ साली, स्थावर मूल्यांकनकारांची संघटना झाली. पुढे १९८०च्या दशकात तिथल्या बचत-कर्ज संस्था कोसळल्या. त्यात फुगवलेल्या मूल्यांकनांचाही हात होता, आणि १९८९च्या कायद्याने राज्याराज्यांत मूल्यांकनकारांचे परवाने आले.

आपल्याकडे १९६८ साली ‘इन्स्टिट्यूशन ऑफ व्हॅल्युअर्स’ स्थापन झाली. १९७२च्या दुरुस्तीने संपत्ती कर कायद्यात ‘३४ एबी’ हे नोंदणीचे कलम आले. मोठा बदल २०१७ साली झाला. कंपनी कायद्याच्या कलम २४७ खालच्या नियमांनी ‘नोंदणीकृत मूल्यांकनकार’ हा दर्जा दिला आणि त्यावर देखरेख दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे आयबीबीआयकडे, सोपवली. जमीन व इमारत या गटासाठी स्थापत्य अभियंता, वास्तुविशारद किंवा नगररचनेचा पदवीधर पाच वर्षांच्या अनुभवासह पात्र ठरतो. त्याला मान्यताप्राप्त संघटनेचे सदस्यत्व घ्यावे लागते, ५० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा पार करावी लागते. आचारसंहिता स्पष्ट आहे : ज्या मालमत्तेत हितसंबंध आहे तिचे मूल्यांकन करायचे नाही, काम फत्ते झाले तरच फी अशी बोली करायची नाही, कामाची कागदपत्रे किमान तीन वर्षे जपायची. मोडली तर संघटनेची शिस्तपालन समिती चौकशी करू शकते.

दाराशी थांबलेली शिस्त

पण ही नोंदणी कायद्याने सक्तीची आहे ती कंपनी कायदा आणि दिवाळखोरी संहितेखालच्या कामांसाठी. धारूरच्या शिक्षकाच्या गृहकर्जासाठी बँक आपले पॅनेल आपल्या धोरणाने ठरवते. डॉ. एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०२० साली मूल्यांकनाच्या पेशासाठी स्वतंत्र कायदा आणि राष्ट्रीय संस्था सुचवली, विधेयकाचा मसुदाही दिला. तो कायदा व्हायला हवा. ज्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई एका घरात गुंतते, त्याला कारखान्याइतके तरी संरक्षण मिळालेच पाहिजे.

तोवर काही गोष्टी आपल्या हाती आहेत. मूल्यांकनाची फी बहुधा कर्जदारच भरतो. म्हणून अहवालाची प्रत मागावी. मूल्यांकनकार कोणत्या संघटनेचा सदस्य आहे हे विचारावे आणि आयबीबीआयच्या यादीत त्याचा नोंदणी क्रमांक पाहावा. तो प्रत्यक्ष घरी आला का, तुलनेसाठी कोणते व्यवहार धरले, घसारा कसा काढला, हे अहवालात वाचावे. आणि बीड-अंबाजोगाईच्या तरुण अभियंत्यांनी या परीक्षेकडे वळावे. इथली माती आणि इथले दप्तर ओळखणारा माणूस संघटनेच्या शिस्तीत काम करू लागला, तर जिल्ह्यातल्या घरांना खरी किंमत मिळेल.