गेटवर सुरू होणारा दिवस

सकाळी ६:३०
पुण्याहून चाकण गाठायचं तर साडेसहाला घर सोडावं लागतं. उशीर झाला की भोसरी-मोशीच्या पट्ट्यात कंटेनरच्या मागे रखडायचं. सोबत आमच्या सल्लागार कंपनीत नव्याने रुजू झालेली इंजिनिअर आहे. "मॅडम, सप्लाय चेनमध्ये पुढे जायला कोणता कोर्स करू?" ती विचारते. एएससीएम या संस्थेची सीपीआयएम परीक्षा चांगली आहे, पवईची निटी ही संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली तरी तिचा या विषयातला दबदबा जुनाच आहे, हे सगळं मी तिला सांगते. पण त्याआधी माल कसा हलतो ते उभं राहून पाहायला शीक, हेही बजावते.

७:४५
आमचा चाकणचा ग्राहक मोटारींचे सुटे भाग बनवतो. गोदाम तुडुंब, तरी लाइनला माल वेळेवर मिळत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांना नवं गोदाम बांधायचं आहे. आम्ही ऑफिसात न जाता गेटवरचं रजिस्टर उघडतो. तासाला साधारण ४ गाड्या आत येतात आणि प्रत्येक गाडी सरासरी ३ तास थांबते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे साध्या गुणाकाराने लागू होतो : येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, म्हणजे आवारात सरासरी १२ गाड्या. डॉक मात्र चारच. माल उतरवायला लागतात ४० मिनिटं. मग उरलेला वेळ जातो कुठे?

९:००
उत्तर माथाडींच्या टोळीकडे मिळतं. "ताई, चलनावर पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर नसला की स्टोअरवाले गाडीला हात लावू देत नाहीत," मुकादम सांगतात. "आणि दहा वाजता सगळ्या गाड्या एकदम येतात. दुपारी आम्ही रिकामे." इथली वाराई, म्हणजे माल उतरवण्याची मजुरी, वजनावर ठरते, गाडी खोळंबली की त्यांची कमाईही खोळंबते. राज्यात माथाडी कायदा १९६९ पासून आहे, पण सल्लागारांच्या आराखड्यात ही माणसं क्वचितच दिसतात. त्यांच्या कमाईचा विचार न केलेलं वेळापत्रक आठवडाभरही टिकत नाही.

११:००
आता रॅक. एका ऑइल सीलचा निळा बिन खाली काढून आम्ही दोघी नग मोजतो. सिस्टिम म्हणते २,४००, बिनमध्ये १,६५०. उरलेले ७५० तपासणीच्या प्रतीक्षेत क्वालिटीच्या पिंजऱ्यात पडून आहेत. सिस्टिम त्यांनाही वापरायला तयार धरते, म्हणून प्लॅनर नवी ऑर्डर टाकत नाही आणि लाइन थांबते. शेजारच्या चार रॅकवर मात्र बंद झालेल्या मॉडेलचे भाग धूळ खात आहेत. गोदाम भरलेलं का आणि माल नाही का, दोन्ही प्रश्न एकाच गल्लीत सुटतात.

दुपारी १:००
कॅन्टीनमध्ये जेवण.

२:००
प्लॅनरसोबत बसतो. सप्लायरचा माल सरासरी ७ दिवसांत येतो, असं त्याच्या शीटमध्ये आहे. सरासरी बरोबर आहे. पण आवक तारखेनिहाय लावली की दिसतं, माल कधी ४ दिवसांत येतो, तर कधी १३. राखीव साठा ठरवताना हा चढउतार मोजावा लागतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातून जाणारी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हा न्हावा शेव्याला युरोपातून येणारा माल आठवडा-दोन आठवडे लांबला. अशा वेळी नुसत्या सरासरीवर विसंबणाऱ्याकडे साठा उरत नाही.

४:३०
कारखानाप्रमुखांसमोर मांडणी. नवं गोदाम आत्ता नको, हे स्पष्ट सांगते. गाड्यांना वेळा वाटून द्या, पीओ नंबर नसलेली गाडी सप्लायरकडूनच निघू देऊ नका, पिंजऱ्यातला माल सिस्टिममध्ये वेगळा दाखवा, बंद मॉडेलचा साठा मोडीत काढा. मग ते कंपनीच्या परराज्यांतल्या डेपोंबद्दल विचारतात. ते डेपो केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी उघडले होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते कारणच संपलं. आता तुमच्या ग्राहकाला माल किती लवकर हवा, एवढ्यावरच डेपो ठेवायचा की नाही ते ठरवा, असं मी सुचवते. नवं गोदाम विकून आमची फी वाढली असती. पण ग्राहकाचा पैसा वाचवणं हेच आमचं काम आहे आणि त्यावर माझी श्रद्धा आहे.

संध्याकाळी ७:००
परतीच्या वाटेवर नवी इंजिनिअर टिपणं लिहिते. मुकादमांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिही, आणि आकडा कुठल्या रजिस्टरमधून घेतला तेही नोंदव, असं मी तिला सांगते. अशा नोंदींतूनच नजर तयार होते.

९:००
शेवटचा फोन स्टोअरप्रमुखांना. उद्याच्या बैठकीला मुकादम आणि दोन मोठे सप्लायर हवेत. गाड्यांच्या वेळा सगळ्यांसमोर ठरल्या तर आम्ही गेल्यावरही पाळल्या जातील. अशी मागे टिकलेली कामंच या क्षेत्रात पुढचं काम मिळवून देतात.