तापलेल्या बसला पाणी पाजताना

कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढून आलेली जुनी बस वर पोहोचली की कडेला थांबते. क्लीनर कॅन घेऊन खाली उतरतो, मिळेल त्या नळाचं पाणी आणतो आणि रेडिएटरमध्ये ओततो. बस पुन्हा धावू लागते, त्यामुळे उपाय झाला असं सगळ्यांना वाटतं. पण जुन्या इंजिनाचं दुखणं बरेचदा या पाण्यामुळेच वाढत असतं.

डिझेल जळून निघालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच गाडी ओढायच्या कामी येतो. जवळपास तेवढीच उष्णता धुरावाटे जाते आणि उरलेली बहुतेक सिलिंडरभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. घाटात इंजिनावर भार पूर्ण, पण वेग जेमतेम. समोरून वारा लागत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. पंखा आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनावरच फिरतात, म्हणून जाणता ड्रायव्हर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत बसत नाही, वेळेवर खालचा गिअर टाकतो.

आता त्या पाण्याकडे येऊ. बेसॉल्टच्या खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कार्बोनेट धातूवर चिकटतं. आंघोळीच्या बंबात आतून जो पांढरा थर धरतो, तोच हा. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाच लिटर पाणी रोज घातलं, तर दिवसाला दोन ग्रॅम क्षार आत जातात. वर्षाला सातशे ग्रॅमच्या वर! पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. गळती नसलेल्या बसमध्ये एकदा भरलेल्या पाण्यातले क्षार एकदाच बसतात, गळक्या बसला मात्र रोज नवा थर मिळतो. ओतीव लोखंडाच्या मानाने हा थर उष्णता निदान पंचवीसपट कमी वाहून नेतो. म्हणजे एक मिलिमीटर थराचा अडसर अडीच सेंटीमीटर लोखंडाएवढा.

म्हणून पाणी का कमी होतंय, ते आधी शोधायला हवं. होज पाईप फुगलेत का, वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्रातून थेंब पडतोय का, हे दोन मिनिटांत कळतं. रेडिएटरचं झाकण मात्र फार थोडे लोक तपासतात. अर्धा बार जादा दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी समुद्रसपाटीला साधारण १११ अंशांना उकळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, पण हे झाकण शाबूत असेल तर तिथेही १०८ अंशांपर्यंत निभावतं. झाकणाचं रबर गेलं की ही सवलत संपली. आणि गरम गाडीचं झाकण उघडू नये ते याच कारणाने: दाब सुटताच शंभरीपार गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ते हातातोंडावर उसळतं.

‘आपल्याकडे गरमीच, थर्मोस्टॅट हवा कशाला?’ म्हणून तो काढून फेकणारे मेकॅनिक भरपूर. मला हा सल्ला घातक वाटतो. थर्मोस्टॅटमधलं मेण ऐंशी अंशांच्या आसपास वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. काही इंजिनांत तोच उघडताना बायपासची वाट बंद करतो. अशा इंजिनातून तो काढला तर बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनातच फिरतं. गार व्हावं म्हणून केलेला उद्योग उलटा पडतो. बाकीची इंजिनं थंडच चालत राहतात आणि सिलिंडर लवकर झिजतात.

पाणी घालायचंच तर डिस्टिल्ड घालावं, त्यात डिझेल इंजिनाचं कुलंट मिसळावं. कुलंट फक्त गंजापुरतं नसतं. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे होऊन फुटतात आणि धातूला टाचणीएवढे खड्डे पडतात. कुलंटमधली रसायनं तिथे संरक्षक पापुद्रा धरतात.

जुना थर काढायला सौम्य आम्लाचं द्रावण फिरवून सिस्टीम धुतात. मात्र त्यानंतर एखादा रेडिएटर अचानक गळू लागतो. पितळी नळ्यांची जुनी भोकं त्या थरानेच बुजवलेली असतात. त्यामुळे धुण्याच्या दिवशीच डाग देणाऱ्या कारागिराची वेळ घेऊन ठेवलेली बरी.